अंगणातच गळणारा ट्रक

गाडी खालून कोरडी ठणठणीत होती. मी पाठीवर आडवा, हातात बॅटरी, आणि वर सगळी चॅसी म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा इतका स्वच्छ की बोट फिरवलं तरी काळं होत नव्हतं. डिझेलची गळती शोधणं हे खरं तर आमच्या धंद्यातलं सोपं काम. डिझेल धूळ धरून ठेवतं. जिथून गळतं तिथं चिकट काळा थर जमतो आणि त्या थराच्या मागानं वर गेलं की गळका जॉइंट हाताला लागतो. इथं थरच नव्हता, कारण नाना गाडी ओढ्यावर धुऊन आणायचा. मेस्त्रीकडं घाण गाडी न्यायची नाही, ही त्याच्या थोरल्या भावाची, दत्ताची शिस्त. पेशंटला न्हाऊ-माखू घालून डॉक्टरकडं आणावं आणि मग डॉक्टरनं विचारावं, ताप कुठं गेला, तशातली गत.

"सापडलं का काय?" नाना चाकाजवळ उकिडवा बसला होता.

"तुझी गाडी गळत नाही."

"हितं न्हाईच गळत," तो म्हणाला. "घरी गळती."

माझं गॅरेज भोरला आहे, एसटी डेपोपासून थोडं पुढं. रफीक मेस्त्री म्हणून विचारलं तर कुणीही सांगेल. मी फक्त डिझेलची कामं करतो आणि थोडा तोंडाचा फटकळ आहे, हेही तेच लोक सांगतील. एकाच तक्रारीसाठी गाडी पुन्हा पुन्हा परत यायला लागली की माझं डोकं फिरतं. ही गाडी पावसाळ्याआधीपासून येत होती. मी बँजोचे तांब्याचे वायसर बदलले होते. बँजो म्हणजे पोकळ बोल्ट, त्याच्या पोटातून डिझेल जातं. फिल्टर बदलला होता, फीड पंप खोलून परत बसवला होता. फीड पंप टाकीतून डिझेल ओढून इंजिनाला पाजतो. दर वेळी गाडी गॅरेजमध्ये दिवसभर उभी राहायची आणि खाली टाकलेला पुठ्ठा कोरडाच्या कोरडा राहायचा. वेल्ह्याला गेली की दुसऱ्या दिवशी नानाचा फोन यायचा.

तक्रारी दोन होत्या. अंगणात उभी केली की सकाळी बंपरखाली डिझेलचं थारोळं. आणि भरलेली गाडी पाब्याचा घाट चढायला लागली की एका ठरावीक वळणावर बंद. त्याच्या आधी नाही, नंतर नाही.

ते वळण मला माहीत होतं. आमच्याकडं सगळ्यांना माहीत होतं. गेल्या थंडीत भाताची पोती भरून पुण्याकडं निघालेल्या दत्ताच्या छातीत तिथंच कळ आली. त्यानं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मागून येणाऱ्यांना वाटलं, गडी डुलकी काढतोय. गाडीला ओरखडासुद्धा नव्हता. दत्ता माझं नुसतं गिऱ्हाईक नव्हता. दुपारी गॅरेजवर आला की माझ्या डब्यातलं अर्धं त्याचं असायचं. त्यामुळं त्याच्या गाडीखाली झोपून हात हलवत बाहेर यायचं, हे मला फार लागत होतं.

त्याच संध्याकाळी शोभावहिनीचा फोन आला. शोभा म्हणजे दत्ताची बायको. तो गेल्यावर भाडी ठरवण्यापासून टायर बदलण्यापर्यंत सगळं तीच बघते. गाडी तेवढी नाना चालवतो.

"भाऊ, खरं सांगा. गाडीत काय हाय का?"

"डिझेल आहे वहिनी. आणि ते कुठून तरी जातंय."

"मला तेच ऐकायचं व्हतं," ती म्हणाली. "पण गावात दुसरंच बोलत्यात. दत्ता गाडी सोडत न्हाई म्हणत्यात. नाना आता बसाया तयार न्हाई. त्यो उतरला तर दुसरा ड्रायव्हर ह्या गाडीवर कोण चढंल? मंग इकायचीच. सोमवारी बघायला माणूस बी येणार हाय. गाडी गेली तर म्या काय करू सांगा. दुसऱ्याच्या भाताला लावणीला जाऊ?"

मी म्हणालो, उद्या मीच येतो.

खरं तर हे मी आधीच करायला हवं होतं. पण मेस्त्री लोकांना गाडी आपल्याकडं बोलवायची सवय असते.

दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर अवजारांची पिशवी बांधली, पाइपाचं भेंडोळं गळ्यात अडकवलं आणि नसरापूरवरून वेल्ह्याकडं निघालो. श्रावणातली सकाळ. मार्गासनीच्या पुढं धुकं खाली उतरलं होतं. तोरणा तर नव्हताच, पण रस्त्याच्या कडेची झाडंसुद्धा जवळ गेल्यावरच दिसत होती. यांची वाडी वेल्ह्याच्या थोडी पुढं आहे. रस्त्यावरून घराकडं उतार, त्या उतारावर अंगण. ट्रक घराकडं तोंड करून, नाक खाली घालून उभा होता. धुक्यात आधी काच दिसली, मग बंपर, मग बंपरसमोर बसलेली म्हातारी.

ती पारूमावशी, दत्ताची आई. डोक्यावरून घेतलेल्या पोत्याच्या घोंगत्यात गुडघे पोटाशी धरून बसली होती. पुढं जमिनीवर डिझेलचा ओला डाग, त्यावर इंद्रधनुष्याचे रंग फिरत होते. डागाच्या कडेला हळदीकुंकू वाहिलेलं आणि शेजारी मातीत खोचलेली उदबत्ती जळत होती.

टप.

थोड्या वेळानं पुन्हा, टप.

म्हातारी प्रत्येक थेंबाला किंचित मान हलवत होती. समोरचा माणूस बोलत असला की आपण हुंकार देतो ना, तशी.

मी घाबरणाऱ्यातला नाही. पण ते बघून माझ्या अंगावर काटा आला, आणि तो धुक्यानं आला नव्हता.

"मावशी, उदबत्ती बाजूला घेऊ का?" मी जवळ जाऊन म्हणालो. डिझेल पेट्रोलसारखं भडकत नाही, पण गवत नाहीतर चिंधी त्यात भिजली की वातीसारखी जळते. वर ट्रक आणि मागं घर.

"रफीक का? घे. पण इझवू नगंस." तिनं मान वर केली. "चांगला सकाळपासून बोलतोय आज."

"कोण?"

ती पुन्हा थेंबाकडं बघायला लागली. मी उदबत्ती तुळशीजवळ नेऊन खोचली आणि परत येऊन गाडीखाली शिरायला वाकलो, तर तिनं माझी बाही धरली. म्हातारीच्या हाताला एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"खाली जायाचं न्हाई. त्यो हाय तितं."

शोभावहिनी पायरीवर उभी होती. तिनं माझ्याकडं बघून हळूच मान हलवली. आत्ता नको. म्हणून मी कामाचा क्रम बदलला. आधी घाट बघायचा.

गळतीच्या बाबतीत एक गोष्ट समजून घ्यायला हवी. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या पाइपात डिझेल ढकललं जात नाही, ओढलं जातं. स्ट्रॉनं उसाचा रस ओढतो तसं. स्ट्रॉला वर चीर असली तर रस बाहेर येत नाही, हवा आत जाते आणि तोंडात नुसती फुरफुर होते. गाडीचंही तेच. पाइपात हवा शिरली की इंजिन गुदमरतं. आमच्या भाषेत, गाडी एअर धरते. मग फिल्टरवरच्या छोट्या हातपंपानं ती हवा दाबून बाहेर काढावी लागते. नाना रोज त्या वळणावर तेच करत होता. एअर धरतेय हे मलाही माहीत होतं. कुठून धरतेय, ते दिसत नव्हतं.

मी वाडीतल्या गवंड्याकडून लेव्हलचा पारदर्शक पाइप मागून आणला. गवंडी त्यात पाणी भरून भिंतीची पातळी बघतात. त्याचा एक तुकडा फिल्टरच्या आधी जोडला आणि त्याचा वळसा गियरच्या दांड्याच्या भोकातून वर केबिनमध्ये घेतला. म्हणजे डिझेल माझ्या डोळ्यांसमोरून जाणार आणि हवा आली तर बुडबुडे दिसणार. मागं विटा भरलेल्याच होत्या. नानानं स्टार्टर मारला.

पाबे सोडून चढ लागला. धुकं इतकं दाट होतं की बाहेर बघण्यासारखं काही नव्हतंच. पाइपात चहाच्या रंगाचं डिझेल गुपचूप चाललं होतं. नाना दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, मान पुढं काढून बसला होता. एरवी बडबड्या माणूस, पण चढ लागल्यापासून त्यानं तोंड उघडलं नव्हतं.

मग एक बुडबुडा आला. मोहरीएवढा. वळशाच्या वर येऊन थोडा थांबला आणि पुढं सरकला. मागून दुसरा. मग दोघे जोडीनं.

"आलं का वळण?" मी विचारलं.

"अजून हाय," नाना म्हणाला. "पण त्याला कळलंय."

"गप बस," मी म्हणालो. माझा आवाज मला जरा जास्तच मोठा वाटला.

बुडबुड्यांची आता माळ झाली. इंजिनाचा सूर बदलला, थरथर पायाला जाणवू लागली. समोर धुक्यात कठड्याचा चुना पुसट दिसला, नानानं गाडी वळवली आणि वळणाच्या बरोबर पोटात इंजिन बंद पडलं. त्यानं हँडब्रेक ओढला. त्या आवाजानंतर दुसरा कुठलाच आवाज नव्हता. खाली दरीत एरवी पाणी वाजतं, तेही ऐकू येत नव्हतं.

आणि माझ्या बाजूचं दार आपोआप उघडलं. झटक्यानं नाही. सावकाश, कुर्र करत, पुरतं उघडलं.

"रोज उघडतं," नाना समोर बघत म्हणाला.

मी उतरलो. उतरायलाच पाहिजे होतं, काम होतं. रस्ता त्या बाजूला कललेला आहे आणि दाराची कडी झिजलीय, हे मी बघून घेतलं. दोन-तीनदा दार लोटलं, सोडलं, पुन्हा उघडलं. कारण सापडलं की बरं वाटतं. कठड्याच्या दगडाला कुणीतरी कुंकू लावलं होतं, पावसानं ते खाली ओघळलं होतं. त्याच्याकडं मी दुसऱ्यांदा पाहिलं नाही. हातपंप मारायला घेतला. फिल्टरच्या तोंडातून आधी नुसती हवा आली, मग फेस, मग स्वच्छ डिझेल. ती पहिली हवा बाहेर पडताना जो आवाज होतो तो मी आयुष्यभर ऐकत आलोय. त्या दिवशी तो कुणीतरी सुटकेचा श्वास सोडल्यासारखा वाटला, हे मान्य करतो.

घाटमाथ्यावर गाडी वळवून आम्ही खाली उतरलो. उतरताना एकही बुडबुडा नाही. त्या वळणावरून गाडी मांजराच्या पायानं गेली. तिथं माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

चढावर गाडीचं नाक वर. टाकी मागं, खाली. पंपाला ताकदीनं ओढावं लागतं आणि चिरेतून हवा आत येते. अंगणात नाक खाली. टाकीतलं डिझेल उंचावर, चीर खाली, म्हणून तिथं डिझेल बाहेर येतं. आणि माझं गॅरेज सपाट. सपाटीवर ना हे, ना ते. माझ्याकडं गाडी का गळत नाही याचं उत्तर माझी फरशी होती. आणि दर वेळी तेच वळण का, तर चढ रोज पाब्यापासूनच सुरू होतो, ओझं साधारण तेवढंच, गियर तोच. बारीक चिरेतून हवा भरत भरत फिल्टर रिकामा व्हायला लागणारा वेळ रोज सारखाच. दत्ताचा जीव तिथं गेला नसता तर लोक म्हणाले असते, गाडी घाटात दम टाकते. बस्स.

मी हे सगळं नानाला समजावून सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं.

"आसंल," तो म्हणाला. "पण तुमी मला चीर दावा."

घरी आल्यावर गाडी मुद्दाम तशीच, नाक खाली घालून उभी केली. शोभावहिनीनं सासूला हाताला धरून पायरीवर बसवलं. या वेळी म्हातारी काही बोलली नाही, फक्त डोळे माझ्या हातांवर ठेवून बसली. मी चॅसी आतून-बाहेरून फडक्यानं कोरडी पुसली.

"वहिनी, तोंडाला लावायची पावडर आहे का घरात?"

"तुमाला?" ती हसली. त्या घरात मी त्या दिवशी पहिल्यांदा हसू ऐकलं.

"गाडीला. लग्नाला न्यायचीय तिला."

तिनं डबा आणून दिला. चॅसीची पट्टी म्हणजे आडवी ठेवलेली पन्हळच. तिच्या आतल्या बाजूनं पाइप जातो. मी पाइपावर आणि पन्हळीत सगळीकडं पावडर फुंकली. पांढऱ्यावर ओल लगेच दिसते. मग वाट बघत बसलो.

थोड्या वेळानं पन्हळीच्या तळाला एक काळी रेघ उमटली आणि हळूहळू बंपरकडं सरकायला लागली. म्हणजे डिझेल गळत होतं एकीकडं, आतल्या आत वाहत होतं आणि पडत होतं दुसरीकडं. बाहेरून बघणाऱ्याला काय दिसणार? आरसा आणि बॅटरी घेऊन मी रेघेच्या मागं मागं गेलो. पुढच्या चाकाच्या मागं, टाकीच्या अलीकडं, पाइपाला काळा दोरा गुंडाळलेला होता. दोऱ्यावरची पावडर भिजून काळी झाली होती.

हा दोरा मी आधीही पाहिला होता. गॅरेजमध्ये, प्रत्येक वेळी. आणि प्रत्येक वेळी त्याला वळसा घालून पुढं गेलो होतो. त्याचं कारण सांगतो. आमच्याकडं गाडीला काय बांधत नाहीत? लिंबू-मिरची, काळी बाहुली, जुनी चप्पल, घोड्याची नाल, दर्ग्यातला ताईत. मी मुसलमान, पण हिंदूंच्या गाड्यांना ताईत असतात आणि आमच्यातल्यांच्या गाड्यांना बिब्बे. या भागातला कुठलाही मेस्त्री अशा वस्तूला हात लावत नाही. देवावर विश्वास असो-नसो, उद्या त्या गाडीला काही झालं तर नाव मेस्त्रीचं निघतं. त्यामुळं बांधलेल्या वस्तूच्या आजूबाजूचं सगळं आम्ही तपासतो, तेवढी जागा सोडून. गळती नेमकी तेवढ्याच जागेत होती.

मी गाडीखालूनच ओरडलो, "वहिनी, इथं पाइपाला काहीतरी बांधलंय. कुणी बांधलं?"

"म्या न्हाई," शोभावहिनी म्हणाली. "ह्यांना असलं काय चालत नव्हतं आन मला बी न्हाई. नाना, तू?"

"आईशपथ न्हाई," नाना म्हणाला.

मग पायरीवरून आवाज आला. "म्या बांधलंय."

मी बाहेर आलो. मावशीनं नजर चुकवली नाही.

"सोडू का मावशी? विचारल्याशिवाय सोडत नाही मी."

तिनं गाडीकडं पाहिलं. मग म्हणाली, "सोड. पण खाली टाकू नगंस."

दोरा डिझेलनं भिजून फुगला होता, कापावा लागला. आतून निघालं स्टीलचं कडं. मनगटात घालतात तसलं, गोल, साधं. मी ते ओळखलं. माझ्या डब्यातली भाकरी मोडताना समोरच्या हातात ते वाजायचं. शोभावहिनी दोन पावलं पुढं आली आणि तिचा चेहरा उतरला.

"आई, हे तर त्यांच्यासंगं गेलं व्हतं ना?"

"न्हाई. दवाखान्यात म्या काढून घेतलं." म्हातारी कड्याकडं बघत होती. "तेराव्याच्या दुसऱ्या दिशी बांधलं. तुमी सगळी आत व्हता. गाडीवर लई जीव व्हता त्याचा. गाडी एकली कशी ऱ्हाईल? आन त्यो बी."

अशा वेळी मला काही सुचत नाही, म्हणून मी कामाचं बोललो. पाइप तिला दाखवला. हा पाइप नायलॉनचा असतो. कड्याच्या जोडाला बारीक धार होती. इंजिन चालू झालं की सगळी गाडी थरथरते. त्या थरथरीत ती धार महिनोन्महिने पाइपावर घासत राहिली आणि केसाएवढी चीर पडली.

"बघा मावशी. हे कडं घासलं म्हणून पाइप कापला. पाइप कापला म्हणून हवा शिरली आणि हवा शिरली म्हणून गाडी थांबत होती. दुसरं काही नाही यात."

तिनं चिरेवरून अंगठा फिरवला.

"म्हंजी गाडी कड्यानं थांबवली."

"व्हय."

"आन कडं कुणाचं?"

मी फडक्याला हात पुसायला लागलो.

"मंग म्या काय येगळं सांगत व्हते?" ती म्हणाली. रागानं नाही. शाळेतली बाई चुकलेलं गणित परत समजावून सांगते, तशी.

मी या धंद्यात इतकी वर्षं काढली, माझं निदान असं कुणी उलटं करून माझ्याच हातात दिलं नव्हतं. नाना दुसरीकडं बघायला लागला. शोभावहिनी मात्र चटकन बसली आणि तिनं सासूचा हात कड्यासकट आपल्या हातात धरला. ती गाडीसाठी भांडायला उभी होती आणि आता समोर भांडायला कुणी उरलं नव्हतं.

पुढचं काम सरळ होतं. कापलेला भाग काढला, नवा पाइप घातला, दोन्हीकडं जोड आवळले. जिथं जिथं लोखंडाला टेकत होता तिथं रबराची नळी चढवली, क्लिपा मारल्या. एअर काढली. गाडी नाक खाली घालून तशीच उभी ठेवली, खाली पुठ्ठा सरकवला आणि जेवायला बसलो. जेवण उरकलं तरी पुठ्ठा कोरडा होता. कडं मी पुसून मावशीला दिलं. ते घेऊन ती पुन्हा बंपरसमोर, त्याच ओल्या डागाजवळ जाऊन बसली.

दुपारी त्याच विटा घेऊन आम्ही परत घाटात गेलो. लेव्हलचा पाइप अजून काढला नव्हता. डिझेल एकसारखं वाहत होतं. वळण आलं. नानाचा पाय ॲक्सिलरेटरवर जास्तच दाबला गेला, गाडी गुरगुरली आणि वळण मागं पडलं. दोघांनीही मागं बघितलं नाही. घाटमाथ्यावर नानानं गाडी थांबवली, उतरला आणि टायरवर हात ठेवून उभा राहिला. मला वाटलं, आता आभार मानेल.

"मेस्त्री, एक इचारू का? कडं तेराव्याच्या नंतर बांधलं ना आईनं?"

"ती तसं म्हणाली."

"गाडी पयल्यांदा थांबली तवा दहावं बी झालं नव्हतं. म्या पाव्हण्यांना सोडून परत येत व्हतो. त्याच वळणाला."

"फिल्टर चोक असेल तेव्हा," मी म्हणालो.

"आसंल."

"किंवा तुझी आठवण चुकत असेल."

"ते बी आसंल," नाना म्हणाला आणि गाडीत चढला. सोमवारपासून भाडी मारायला आपण तयार आहोत, असं त्यानं येताना सांगितलं. दुसरा ड्रायव्हर मिळायचे वांधे होतील म्हणून की आणखी कशासाठी, ते मी विचारलं नाही.

अंगणात पोचलो तेव्हा धुकं पुन्हा दारापर्यंत आलं होतं. शोभावहिनी दारातच उभी होती. मी लांबूनच हात हलवून सांगितलं, जमलं. तिनं डोळ्यांना पदर लावला आणि तिथूनच फोन लावून त्या बघायला येणाऱ्या माणसाला येऊ नका म्हणून सांगितलं. गाडी विकायची नाही. एवढं बोलताना तिचा आवाज कुठं अडखळला नाही.

पारूमावशी त्याच डागाजवळ बसून होती, हातात कडं. आता टपटप नव्हती. त्या शांततेत ती कान देऊन बसली होती.

"थांबली का रं आज?" तिनं मला विचारलं.

"नाही मावशी. सरळ गेली. आता नाही थांबणार."

ती विचारात पडली. गाडीकडं पाहिलं, मग रस्त्याकडं.

"मंग त्यो कुठं उतरला?"

धंद्यातल्या कुठल्याही प्रश्नाला मी लगेच उत्तर देतो, चुकीचं का असेना. इथं मी आधी हातातलं फडकं घडी घालून खिशात ठेवलं. नानानं इंजिन बंद केलं होतं. तिघंही माझ्या तोंडाकडं बघत होती. काहीतरी बोलणं भाग होतं आणि जे तोंडात आलं ते बोललो.

"घरीच उतरला असेल, मावशी."

तिला ते पटलं. लगेच, सहज पटलं. गुडघ्यावर हात देत ती उठली, घोंगतं झटकलं. "मंग म्या येडी भायेर कशाला बसलीय," असं पुटपुटत घराकडं चालू लागली. थंडीपासून ही बाई रोज सकाळी त्या गाडीपुढं बसत होती, ती त्या दिवशी उठली. दाराशी शोभावहिनीनं तिला वाट द्यायला अंग चोरलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली. म्हातारी आत गेली. वहिनी भिंतीला टेकलेलीच होती. आणखी एक माणूस आत जाईल एवढा वेळ ती तशीच थांबली, आणि मग दारातून हलली.

आतून मावशीचा आवाज आला, चहा टाक म्हणाली. मी पिशवी बांधली, अंधारायच्या आत भोर गाठायचंय असं सांगितलं आणि चहा टाळून निघालो. गाडी त्यानंतर आजतागायत गळलेली नाही. घाटात थांबलेली नाही. शोभावहिनी वायसर बदलायच्या आधी मला फोटो पाठवते आणि माझ्याशी पैशावरून वाद घालते, म्हणजे धंदा बरा चाललाय.

नव्या मेस्त्री लोकांना मी यातून एवढंच सांगतो. गळतीची तक्रार आली की गाडी गॅरेजवर मागवू नका, जिथं गळते तिथं जा. आणि गळती बंद झाली की तिथं फार वेळ थांबू नका.